माजी भाडेकरूवरचा हुकूमनामा वसूल करताना: पगार तुटपुंजा असेल तर काय हाती लागते

थकलेल्या भाड्याचा दावा जिंकलात, खर्चासकट रक्कम मंजूर करणारा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा लेखी आदेश, हाती आला. भाडेकरू मात्र घर सोडून कधीच गेला आहे आणि त्याचा पगार जेमतेम आहे. इथून पुढे कोर्ट आपणहून काहीही करत नाही. पैसे हवे असतील तर वेगळी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते. ती पगारावर चालवायची, बँक खात्यावर, वाहनावर की हप्त्यांवर, हेही दरखास्तदारानेच सांगायचे असते. कोर्टाचा संथपणा खराच, पण कितीतरी दरखास्ती पडून राहतात त्या वेगळ्याच कारणाने: ऋणकोकडे, म्हणजे ज्याने पैसे द्यायचे त्या भाडेकरूकडे, नेमके काय आहे हे न शोधताच 'जंगम मालमत्ता जप्त व्हावी' एवढेच मोघम मागणे लिहिलेले असते.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या दिवाणी न्यायालयांना धरून आहे. कायदा म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आणि त्यातही मुख्यतः कलम ६० व आदेश २१.

आधी हिशेब, मग वकील

पगारातून किती कापता येते हे कलम ६० ने ठरवून दिले आहे. पोटगीचा हुकूमनामा वगळता इतर कुठल्याही हुकूमनाम्यासाठी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. म्हणजे १,००० वजा करा आणि उरलेल्याला तीनने भागा. १३,००० पगार असेल तर महिन्याला ४,००० रुपये कापता येतात, १६,००० असेल तर ५,००० आणि २५,००० असेल तर ८,०००. हिशेब हातात पडणाऱ्या पगारावर होत नाही, एकूण मासिक वेतनावर होतो. त्यातून फक्त सरकारने जप्तीमुक्त जाहीर केलेले भत्ते वगळायचे. 'माझा निम्मा पगार गाडीच्या आणि पतपेढीच्या हप्त्यात जातो' हे उत्तर ऋणको हमखास देतो, पण त्याने स्वतः काढलेल्या कर्जाचे हप्ते या हिशेबात आधी वजा होत नाहीत.

याच कलमात एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराचा जप्तीयोग्य भाग सलग किंवा तुटक मिळून एकूण २४ महिने जप्तीखाली राहिला की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा सुटतो. म्हणून मासिक कपातीला २४ ने गुणा. १३,००० पगारावाल्याकडून पगाराच्या वाटेने जास्तीत जास्त ९६,००० रुपये येतील. हुकूमनामा १,५०,००० चा असेल आणि दरसाल ६ टक्के व्याज असेल, तर वर्षाला ९,००० रुपयांची भर पडतच राहते. अशा ऋणकोकडून केवळ पगारजप्तीने पूर्ण वसुली होणारच नाही. हे पहिल्याच दिवशी कागदावर दिसले की हप्त्यांच्या तडजोडीकडे बघण्याची नजर बदलते.

मजूर आणि घरकामगार यांची मजुरी पूर्णपणे जप्तीमुक्त आहे आणि कायद्याच्या लेखी कुशल, अर्धकुशल, अकुशल असे सगळेच मजूर त्यात येतात. कारखान्यात यंत्रावर हाताने काम करणारा ऋणको 'मी पगारदार नाही, मजूर आहे' अशी हरकत घेतो आणि बरेचदा ती टिकते. त्याचे काम देखरेखीचे किंवा कारकुनी असेल तर नेमणूकपत्र आणि पगारपत्रक मागवून ते तुम्ही दाखवायचे.

याशिवाय अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निधीचे खाते, आयुर्विमा पॉलिसीची रक्कम, उपदान आणि सरकारी निवृत्तिवेतन यांना हात लावता येत नाही. शिंप्याचे शिलाई यंत्र हे त्याचे हत्यार आहे. दुचाकी, टीव्ही, फ्रीज, मुदतठेव आणि गावाकडच्या जमिनीतला हिस्सा मात्र जप्त होऊ शकतो. जप्तीपासूनचे हे संरक्षण सोडून देण्याचा करार आधीच करून घेतला असला तरी तो पाळावा लागत नाही. भाडेकरारात 'माझा संपूर्ण पगार जप्त करण्यास माझी हरकत नाही' असे लिहून घेतले असेल तर त्याची किंमत शून्य.

हुकूमनामा पक्का आहे ना

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालानंतर १५ दिवसांत हुकूमनामा तयार व्हावा असा नियम आहे, पण तो नक्कल विभागात मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. दोन्हींच्या प्रमाणित नकला काढा आणि हुकूमनाम्यातली नावे, रक्कम, व्याजाचा दर, व्याज कोणत्या तारखेपासून आणि खर्चाचा आकडा निकालपत्राशी ताडून बघा. हुकूमनाम्यात व्याज लिहिलेलेच नसेल तर अंमलबजावणी करणारे कोर्ट ते आपल्या मनाने जोडत नाही. चूक लिपिकीय असेल तर ती दुरुस्त करून घ्या आणि मगच दरखास्त घाला.

अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयासाठी ३० दिवसांची आहे. अपील दाखल झाले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, स्थगितीचा वेगळा आदेश लागतो. तो तुमच्या पाठीमागे मिळू नये म्हणून जिल्हा न्यायालयात कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाका. कॅव्हेट ९० दिवस टिकते. हुकूमनामा एकतर्फी असेल तर जास्त जपावे लागते. समन्स जुन्याच पत्त्यावर चिकटवून बजावले असेल, तर पगार कापला गेल्यावर प्रतिवादी जागा होतो आणि एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज घेऊन येतो. समन्स बजावणीचा अहवाल आणि टपालाची पोच यांच्या नकला म्हणून हाताशी ठेवाव्यात.

करारावर दोघे-तिघे मित्र भाडेकरू असतील आणि हुकूमनामा 'संयुक्त आणि वैयक्तिक' जबाबदारीचा असेल, तर संपूर्ण रक्कम त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते. ज्याचा पगार बरा आहे त्याच्यावर दरखास्त चालवा. बाकीच्यांचा हिशेब ते आपसात बघतील.

दरखास्त

दरखास्त दाखल करायला १२ वर्षांची मुदत आहे. पण निकालानंतर दोन वर्षे उलटली की आधी ऋणकोला कारणे दाखवा नोटीस काढावी लागते, आणि ती बजावण्यातच महिने जातात. दोन वर्षांच्या आत या.

दरखास्तीचा नमुना तक्त्याचा असतो: दावा क्रमांक, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले का, आजवर काही रक्कम मिळाली का, पूर्वी दरखास्त केली होती का, मुद्दल-व्याज-खर्च मिळून येणे किती, आणि मदत कोणत्या प्रकारे हवी. शेवटचा रकाना महत्त्वाचा. तिथे जे मागाल तेच मिळते. दरखास्तीवरचा स्टॅम्प किरकोळ असतो, पण प्रत्येक नोटिशीची प्रोसेस फी आणि बेलिफाचा (नोटीस आणि जप्ती बजावणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याचा) भत्ता वेळेत भरावा लागतो. तारखेला हजर राहिलात आणि भत्ताच भरलेला नसला तर रोजनाम्यावर 'स्टेप्स घेतल्या नाहीत' अशी नोंद होते. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की दरखास्त निकाली निघते. ती पुनःस्थापित करायला ३० दिवस असतात. ते हुकले तरी १२ वर्षांच्या आत नवी दरखास्त करता येते, फक्त मधला काळ वाया जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात सांगितले की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि जास्त वेळ लागला तर त्याची कारणे नोंदवावीत. सहा महिन्यांत पैसे येतील असा याचा अर्थ काढू नये. पण तारखांवर तारखा पडू लागल्या की लवकर सुनावणीच्या अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करावा. आपली तारीख ई-कोर्ट्सच्या अॅपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून बघता येते.

भाडेकरू दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल तर पुण्याचे कोर्ट नागपुरातली मालमत्ता स्वतः जप्त करू शकत नाही. आधी पुण्यात अर्ज करून हुकूमनामा नागपूरच्या कोर्टाकडे पाठवून घ्यायचा. त्यासोबत हुकूमनाम्याची प्रत आणि 'वसुली झालेली नाही' किंवा 'इतकीच झाली' असा दाखला जातो. कागद वाटेतच अडकण्याची जागा हीच, म्हणून जावक क्रमांक मागून घ्या.

त्याच्याकडे काय आहे हे त्याच्याच तोंडून

घरमालकाकडे बरीच माहिती आधीच असते आणि ती वापरली जात नाही. भाडे ज्या खात्यातून यायचे ती बँक व शाखा तुमच्या पासबुकावर आहे. नोंदणीकृत करारावर पॅन क्रमांक आणि मूळ गावचा पत्ता आहे. पोलीस पडताळणीच्या अर्जात नोकरीचे ठिकाण असते. पार्किंगच्या नोंदीत गाडीचा क्रमांक. हे सगळे एका कागदावर उतरवून वकिलाकडे जा.

त्यानंतरचे हत्यार म्हणजे आदेश २१ नियम ४१. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस थकला असेल तर कोर्ट ऋणकोला त्याच्या मालमत्तेचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात द्यायला लावू शकते. त्याला समोर बोलावून तपासता येते आणि कागदपत्रेही आणायला सांगता येतात. शपथपत्र न देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज दरखास्तीसोबतच द्यावा, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यातून निघणाऱ्या माहितीवर उभी असते. कमी उत्पन्नाच्या ऋणकोबाबत तर याचा दुहेरी उपयोग होतो. खरेच काही नसेल तर तेही लवकर कळते आणि वकिलाची फी वाचते.

कागदपत्रे नाव घेऊन मागा: मागच्या सहा महिन्यांची पगारपत्रके, सर्व बँक आणि पतसंस्था खात्यांचे एक वर्षाचे उतारे, वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, गावाकडचा सातबारा व आठ-अ, मुदतठेवी, भिशी किंवा चिट फंड, आणि त्याने सध्याच्या घरमालकाकडे ठेवलेली अनामत. शेवटची गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. तीस-चाळीस हजारांची अनामत हे त्याचे नव्या घरमालकाकडचे येणे आहे आणि इतर येण्यांप्रमाणे तेही जप्त करायला मागता येते. प्रत्यक्ष हातात ते पडेल भाडेकरार संपल्यावरच, तेही त्या घरमालकाची वजावट झाल्यावर.

पगारजप्ती

सरकारी, रेल्वे किंवा महापालिकेचा कर्मचारी असेल तर कोर्ट त्याच्या पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला कपातीचा आदेश देते. तो अधिकारी कोर्टाच्या हद्दीबाहेर असला तरी चालते. खासगी नोकरीत मात्र पगार देणारा अधिकारी त्या कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो. माणूस पिंपरीत काम करतो पण पगार मुंबईच्या कार्यालयातून होतो, असे असेल तर हुकूमनामा आधी मुंबईला पाठवून घ्यावा लागेल. हे न बघता काढलेला आदेश 'पगार आमच्याकडून होत नाही' अशा एका ओळीच्या उत्तरासह परत येतो.

आदेशात कंपनीचे पूर्ण नोंदणीकृत नाव, कर्मचारी क्रमांक, दरमहा कपात कशी मोजायची आणि रक्कम कोर्टात कोणत्या दरखास्त क्रमांकावर जमा करायची हे स्पष्ट येऊ द्या. आदेश मिळूनही मालकाने कपात न करता पूर्ण पगार दिला, तर त्या रकमेची जबाबदारी त्याच्यावरच येते. कंपनीच्या कर्मचारी विभागाला हे शांतपणे, लेखी कळवले की काम हलते. आधीच दुसऱ्या कुणाची जप्ती चालू असेल तर मालक तसे विवरण देऊन तुमचा आदेश परत पाठवतो. मग तुमचा क्रमांक त्याच्यानंतर.

नोकरी बदलली की कपात थांबते. नव्या मालकावर नवा आदेश लागतो, पण आधीचे महिने २४ च्या मोजणीत धरले जातात.

कोर्टात जमा झालेली रक्कम तुमच्या खात्यावर आपोआप येत नाही. रक्कम मिळण्याचा अर्ज, आदेश, मग नाझर कार्यालय (कोर्टातले पैसे सांभाळणारा विभाग). हा अर्ज दर महिन्याला न करता दर तीन-चार महिन्यांनी करणे सोयीचे जाते.

बँक खाते, गाडी, घरातले सामान

बँक खात्यावर जप्तीची नोटीस थेट बँकेच्या शाखेला जाते. जप्तीत सापडते ती त्या दिवशीची शिल्लक. पगार ७ तारखेला होत असेल आणि नोटीस २५ तारखेला पोचली तर खात्यात शेकड्यांतच रक्कम असणार. तारीख साधण्यासाठी बेलिफाशी आधी बोलून ठेवावे. खाते पती-पत्नीचे संयुक्त असेल तर हरकत येणार हे गृहीत धरा. निवृत्तिवेतन जमा होणारे खाते असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

दुचाकीसाठी आधी नोंदणी प्रमाणपत्र बघा. त्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजा असेल तर लिलावात तुमच्या वाट्याला काही उरत नाही. बोजा नसलेली चार-पाच वर्षांची गाडी मात्र जप्तीचे वॉरंट निघताच पैसे काढून देते, कारण कामावर जायला ऋणकोला ती लागते.

घरसामानाच्या जप्तीचा मोह टाळावा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरात शिरता येत नाही, सामान वाहून न्यायचा टेम्पो आणि ठेवण्याची जागा यांचा खर्च आधी तुम्हीच करायचा, आणि 'हा फ्रीज माझ्या सासऱ्यांचा आहे' अशी तिसऱ्याची हरकत आली की तिची वेगळी चौकशी. जुन्या टीव्ही-फ्रीजच्या लिलावातून बहुधा भत्त्याचेही पैसे निघत नाहीत.

अटक

'पैसे दे नाहीतर जेल' हे ऐकायला सोपे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले की केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नाही म्हणून कुणाला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून तो टाळतो आहे, पळून जाण्याच्या बेतात आहे किंवा दावा दाखल झाल्यानंतर त्याने लबाडीने मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली आहे, यांपैकी काहीतरी पुराव्याने दाखवावे लागते. त्यासाठी कारणांचे शपथपत्र लागते, सामान्यतः आधी नोटीस निघते, मग चौकशी होते. ऐपत मोजताना जप्तीमुक्त मालमत्ता धरत नाहीत. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही. कैद जास्तीत जास्त तीन महिने, कैदेतल्या पोटखर्चाचे पैसे तुम्ही भरायचे, आणि सुटल्यावर त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटक नाही. देणे मात्र शिल्लक राहते. शिवाय कैदेत गेलेल्याची नोकरी गेली तर पगारजप्तीची वाटही तुम्हीच बंद केलेली असते.

त्याच्या गावी माणसे पाठवणे, कंपनीच्या दारात आरडाओरडा करणे, नातेवाइकांना फोनवर धमकावणे यांपैकी काहीही करू नका. हुकूमनामा हातात असणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो आणि तडजोडीच्या टेबलावर त्याचीच बाजू पडते.

हप्त्यांची तडजोड

पगारजप्तीचा आदेश निघाला किंवा शपथपत्राची नोटीस लागली की ऋणको स्वतःहून बोलायला येतो. नोकरीतल्या मालकाला कळू नये ही त्याची इच्छा असते, आणि तुमच्या हातातली खरी बाजू तीच. १३,००० पगारावर कायदा ४,००० कापू देतो, पण २४ महिनेच. त्याऐवजी दरमहा ३,००० रुपये ५० महिने असा समझोता केला तर १,५०,००० चे मुद्दल पूर्ण येते. व्याज सोडून देणे हा तुमचा सौदा करायचा मुद्दा. तो पहिल्याच बैठकीत देऊ नये.

समझोता कोर्टात पुरसीस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन नोंदवा, स्टॅम्प पेपरवर घरी लिहून ठेवू नका. त्यात या गोष्टी हव्यात: हप्त्याची तारीख आणि खाते, दोन हप्ते चुकले तर उरलेली संपूर्ण रक्कम सोडलेल्या व्याजासह एकदम देय, आणि 'मूळ हुकूमनामा कायम राहील' हे वाक्य. हे वाक्य नसेल तर हा नवा करार असून जुना हुकूमनामा संपला, असा वाद पुढे उभा राहतो. दरखास्त 'पूर्ण वसूल' म्हणून बंद करू नका. ती प्रलंबित ठेवा किंवा नव्याने दाखल करण्याची मुभा नोंदवून निकाली काढा. लोकअदालतीत केलेली तडजोडही चालते, तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचाच दर्जा असतो.

पुढच्या तारखांचे चेक घेतलेत तर प्रत्येक चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तो न वटल्यास बँकेचा शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फौजदारी तक्रार.

हप्ता यूपीआयवर आला तरी त्याची नोंद कोर्टात झाली पाहिजे. मिळालेल्या रकमेची पुरसीस तुम्हीच द्यायची आहे. परस्पर घेतलेले पैसे लपवून पूर्ण रकमेची वसुली चालवली तर दरखास्तीची विश्वासार्हता एका फटक्यात जाते. हुकूमनाम्यात किंवा समझोत्यात वेगळे म्हटले नसेल तर आलेली रक्कम आधी व्याज-खर्चात आणि मग मुद्दलात धरायची. तसा तक्ता महिन्यागणिक ठेवा, तोच पुढच्या दरखास्तीला जोडता येतो.

खरेच काहीच नसेल तर

शपथपत्रात मजुरी, भाड्याची खोली आणि रिकामे खाते एवढेच निघाले तर दरखास्त रेटत बसण्यात अर्थ नाही. ती मुभा घेऊन मागे घ्या आणि १२ वर्षांच्या आतल्या पुढच्या तारखा लिहून ठेवा. वर्षातून एकदा त्याच्या मूळ गावचा सातबारा ऑनलाइन बघा. वडिलोपार्जित जमिनीला वारस नोंद लागली की त्याचा हिस्सा उघडा पडतो. तो हिस्सा जप्त करता येतो, मात्र ऋणको स्वतः शेतकरी असेल तर त्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे-बैल सुटतात. दुसऱ्या कुणी त्याच्यावर वसुली लावली असेल आणि पैसे कोर्टात जमा होणार असतील, तर ते जमा होण्याआधी तुमचीही दरखास्त दाखल असली पाहिजे. तरच प्रमाणशीर वाटा मागता येतो. तो मरण पावला तर वारसांकडून त्यांना त्याच्याकडून जे मिळाले तेवढ्याच मर्यादेत वसुली होते. मुलाच्या स्वतःच्या पगाराला हात लावता येत नाही.

शेवटचा रुपया मिळाला की 'हुकूमनाम्याची पूर्ण वसुली झाली' अशी पुरसीस द्या, पगारजप्तीचा आदेश रद्द झाल्याचे पत्र मालकाला आणि बँकेला गेले की नाही ते तपासा, आणि उरलेले चेक पोच घेऊन परत करा.